कीड मेली नाही, नस मेली

"दाढ आपोआप दुखायची थांबली ना? मग कीड मेली."

हे वाक्य मी आळंदीत लहानपणापासून ऐकत आलोय. चहाच्या टपरीवर, किराणा दुकानात, चाकणच्या कंपन्यांतली पोरं राहतात त्या रूमवर. सांगणारा मनापासून सांगतो, ऐकणाऱ्याला बरं वाटतं, आणि वाक्य जवळजवळ दर वेळी चूक असतं. चार रात्री ठणकणारी दाढ कसलाही उपचार न करता एका सकाळी गप्प झाली, तर आत बहुधा एकच गोष्ट घडलेली असते. दाताची नस मेलेली असते. दात पोखरणारे जंतू तिथेच असतात. आरडाओरडा करणारं तेवढं आता कुणी उरलेलं नसतं.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, दंतवैद्य नाही. पण अलर्ट म्यूट करणं आणि बिघाड दुरुस्त करणं यातला फरक कळायला बीडीएस व्हावं लागत नाही. ऑन-कॉल असताना रात्री दोनला फोन वाजायला लागला आणि कुणी नुसता आवाज बंद करून झोपला, तर सकाळी त्याचं काय होतं ते आमच्या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा. दाताच्या बाबतीत आपण पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलोय. त्याला घरगुती उपाय म्हणतोय, आणि हल्ली तर 'आजीचा बटवा' म्हणून त्याच्या रील्स करतोय. तीस सेकंद, मागे बासरी, पितळी वाटीत लवंगा, खाली बदामांचा पाऊस. माझं भांडण त्या रील्सशी आहे. लवंगेशी नाही. लवंगेचं मी पुढे कौतुकच करणार आहे.

दाढ दुखते म्हणजे आत काय होतं ते आधी बघू. दाताचं वरचं कवच हा आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण भाग. त्याच्या आत डेंटिन, आणि मधोमध एक छोटी पोकळी. तिच्यात रक्तवाहिन्या आणि चेतातंतू. बोलीत आपण या सगळ्या ऐवजाला 'नस' म्हणतो. पायाचा घोटा मुरगळला तर टम्म फुगतो, कारण कातडीला ताणायला जागा असते. दातात ती सोय नाही. सूज आली की चारी बाजूंनी भिंती. आतला दाब वाढतो आणि नस चेपली जाते. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा जोर वाढतो, म्हणून दाढ रात्रीच जास्त ठणकते. असं काही दिवस चाललं की आतला रक्तपुरवठा बंद पडतो, नस मरते, ठणका थांबतो. मग त्या मेलेल्या नसेच्या वाटेने जंतू मुळाच्या टोकापर्यंत जातात आणि जबड्याच्या हाडात उतरतात. हे होताना कित्येक आठवडे, कधी महिनेही, काहीच दुखत नाही.

आपल्या भाषेत मात्र याचा दोष किड्यावर आहे. 'दात किडला', 'दाढेला कीड लागली'. यात मराठी माणसाने लाजण्यासारखं काही नाही, कारण दातात किडा असतो ही समजूत सगळ्या जगाची होती. मेसोपोटेमियातल्या मातीच्या पाट्यांवर दाताच्या किड्याविरुद्धचा मंत्र सापडतो. रोमन सम्राट क्लॉडियसच्या काळातला वैद्य स्क्रिबोनियस लार्गस दातदुखीवर खुरासानी ओव्याच्या बियांची धुरी घ्यायला सांगतो. आपल्याकडे तेच काम भुईरिंगणीच्या बियांकडे आहे. निखाऱ्यावर बिया टाकायच्या, नळीने धूर तोंडात घ्यायचा. या धुरीचा जत्रेतला अवतार म्हणजे खाली ठेवलेली पाण्याची वाटी. थोड्या वेळाने त्या पाण्यात पांढरे बारीक 'किडे' तरंगायला लागतात आणि बघणारे हात जोडतात. खुरासानी ओव्याच्या धुरीतल्या किड्यांचं गुपित युरोपात केव्हाच फुटलं. उष्णतेने बी तडकतं, आतला कोंब बाहेर येतो, तो अळीसारखा दिसतो. निखाऱ्यावर बिया टाका, शेजारी वाटी ठेवा, माणूस बसवू नका, तरी किडे पडतात. जत्रेतल्या काहींना एवढाही खटाटोप लागत नाही, त्यांचे किडे बोटांच्या फटीतूनच येतात.

पॅरिसचा पिएर फोशार याने १७२८ साली दातांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याने सूक्ष्मदर्शकातून किडे शोधले, त्याला एकही दिसला नाही. १८९० साली डब्ल्यू. डी. मिलर याने सांगितलं की तोंडातले जंतू पिष्ट आणि साखर आंबवतात, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते आम्ल दात झिजवतं. म्हणजे अळी नाही, धुराने बाहेर पडणारं काही नाही. ही गोष्ट कळून सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, तरी आळंदीतल्या टपरीवर कीड अजून मरतेच आहे.

जुन्या उपायांची गंमत अशी की त्यांचा सिद्धांत किड्याचा होता, पण काम ते नसेवर करत होते. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात किडलेल्या दाताच्या भोकात गूळ किंवा मेण भरून तापलेल्या सळईने डाग द्यायला सांगितलंय. सातविणीचा आणि रुईचा चीक भरायलाही सांगितलंय. अंगावर काटा येतो, पण परिणाम कशाचा होत असणार ते उघड आहे. नस जाळून टाकली की ठणका बंद. हे वाचून 'बघा, आपल्याकडे तेव्हाच रूट कॅनाल होतं' असं कुणी म्हणू नये, आणि 'किती रानटी होतो आपण' असंही म्हणू नये. न्यूयॉर्कमध्ये स्पूनर नावाच्या दंतवैद्याने नस मारायला दातात आर्सेनिक भरण्याचा उपाय छापला तो १८३६ साली. ते आर्सेनिक दातातून झिरपलं की हिरडी आणि जबड्याचं हाड सडायचं. १८८५ च्या सुमाराला अमेरिकेत दातदुखीवर कोकेनचे थेंब विकले जात, पंधरा सेंटला, आणि जाहिरातीच्या चित्रात खेळणारी लहान मुलं असत. ज्याला जे सापडलं त्याने त्या नसेचा गळा दाबला.

यातला सगळ्यात सभ्य उपाय म्हणजे लवंग. तिच्या तेलातलं युजेनॉल चेतातंतूंवरच्या सोडियमच्या वाटा अडवतं, त्यामुळे दुखल्याचा संदेश मेंदूकडे पोहोचत नाही. हा उपाय खरा आहे. आणि डॉक्टरांनी लवंगेला हाकललं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा दंतवैद्याच्या खोलीत शिरून श्वास घ्यावा. तिथला तो ओळखीचा वास युजेनॉलचा असतो. झिंक ऑक्साइडमध्ये युजेनॉल कालवून केलेलं तात्पुरतं सिमेंट एकोणिसाव्या शतकापासून आजपर्यंत वापरात आहे. आधुनिक दंतवैद्यकाने लवंगेला कामावर ठेवून घेतलं आणि तिचं काम ठरवून दिलं. किडलेला भाग कोरून काढल्यानंतर, मोजक्या प्रमाणात, झाकण म्हणून. रीलमधली लवंग कीड न काढता वर बसते.

शिवाय नस बधिर करणारं औषध नसेला दुखावूही शकतं, हे रील सांगत नाही. १९८३ साली 'लॅन्सेट'मध्ये एका तरुणीची नोंद छापून आली. दाढ दुखते म्हणून लवंगेचं तेल लावताना ते तिच्या गालावर सांडलं, आणि डोळ्याखालचा तेवढा भाग कायमचा बधिर झाला. तिथे घामही येईना. लहान मुलांच्या पोटात हे तेल चमचा-दोन चमचे गेलं तर यकृत निकामी होण्यापर्यंत गोष्ट गेल्याच्या नोंदी आहेत. 'नैसर्गिक आहे, काही होत नाही' हे वाक्य ज्या बाटलीबद्दल आपण म्हणतो, ती ही.

आता बटव्यातली ती डबी, जी पितळी वाटीच्या चौकटीत कधी येत नाही.

मिश्री. कुणी मशेरी म्हणतं. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुस्करायची, डबीत भरायची. पहाटे पायरीवर बसून डाव्या तळहातावर चिमूटभर घ्यायची आणि बोटाने हिरड्यांवर फिरवत राहायचं, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. महाराष्ट्रातल्या बायकांचा दातदुखीवरचा सगळ्यात मोठा घरगुती उपाय कोणता, असं विचारलं तर माझं उत्तर लवंग नाही, मिश्री आहे. माझी आजी लावायची. तिच्या जावा लावायच्या. कशी लागली असं विचारलं तर बहुतेकींची गोष्ट एकाच ठिकाणी सुरू होते. दाढ दुखत होती, शेजारणीने चिमूट दिली. तरुण वय, घरात सांगायची सोय नाही, सांगितलं तरी न्यायचं कुठे? भारतातलं पहिलं दंत महाविद्यालय रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात सुरू केलं ते १९२० साली, आणि तिथून खेड तालुक्यातल्या बाईपर्यंत दंतवैद्य यायला आणखी दोन पिढ्या गेल्या. तोवर तिच्याकडे ही डबी होती.

ती डबी आधी दाताचं दुखणं दाबते. मग काही दिवसांतच स्वतःचं दुखणं तयार करते. सकाळी मिश्री लावली नाही तर डोकं धरतं, पोट साफ होत नाही, कामात लक्ष लागत नाही. लावली की बरं वाटतं. निकोटिनची तलफ निकोटिननेच भागवायची, आणि त्याला 'मिश्रीने बरं वाटतं' म्हणायचं. दरम्यान हिरडी खाली सरकते, मुळं उघडी पडतात, दात आणखी सणकतात, म्हणून आणखी मिश्री. आणि या रांगेच्या टोकाला तोंडाचा कॅन्सर उभा असतो.

सरकारला हे माहीत नव्हतं असं नाही. एकेकाळी बाजारातल्या काही दंतमंजनांत आणि टूथपेस्टमध्ये चक्क तंबाखू असायची. १९९२ साली केंद्राने त्यावर बंदी घातली. उत्पादक कोर्टात गेले. लक्ष्मीकांत विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली बंदी कायम ठेवली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूला ना लेबल, ना परवाना. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले जवळपास २४ टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू घेत होते. २०१२ सालापासून गुटख्याला राज्यात बंदी आहे, आणि ती कशी पाळली जाते ते आळंदी ते चाकण रस्त्याच्या कडेची रिकामी पाकिटं बघून कुणीही सांगेल. (एक बाजूची गोष्ट. आमच्या गावात गळ्यात माळ घातली की मटण सुटतं, दारू सुटते. तंबाखूची चंची मात्र बऱ्याच जणांच्या कमरेला तशीच राहते. ती व्यसनात धरतच नाहीत, ती 'दातासाठी' असते.)

मला आजीचा राग येत नाही. राग येतो तो माझ्या वयाच्या त्या लोकांचा, जे तिच्या बटव्यातून लवंग, हळद आणि कडुलिंबाची काडी तेवढी उचलतात, कॅमेऱ्यापुढे मांडतात आणि मिश्रीची डबी मागच्या मागे लपवतात. बटवा दाखवायचा तर अख्खा दाखवा. त्यात रुईचा चीक होता, मिश्री होती, राखुंडी होती. पन्नाशीत बोळकं झालेलं तोंडही होतं. आपल्या आज्यांचे दात इतके लवकर का गेले, हा प्रश्न त्या रीलखाली कुणी का विचारत नाही?

दुसरी समजूत याहून चिवट आहे. वरचा दात काढला की डोळे जातात.

ही समजूत अडाण्यांची आहे असं समजू नका, तिला ग्रंथाचा आधार आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात स्पष्ट म्हटलंय की वरचा दात हलत असला तरी वैद्याने तो काढू नये. काढला आणि रक्त फार गेलं तर माणूस एका डोळ्याने आंधळा होऊ शकतो किंवा त्याला अर्दित होतं, म्हणजे तोंड वाकडं होतं. मला हे वाचून सुश्रुताबद्दल आदरच वाटला. भूल नाही, प्रतिजैविकं नाहीत, रक्त थांबवायची धड साधनं नाहीत, एक्स-रे नाही. अशा वेळी 'इथे हात घालू नकोस' असं शिष्याला बजावणारा शल्यविशारद त्याच्या काळाशी प्रामाणिक होता. माझा तर अंदाज आहे की त्याने काहीतरी प्रत्यक्ष बघितलेलं असणार. वरच्या दाताचा पू शिरांच्या वाटेने डोळ्यामागे आणि कवटीच्या आत पोहोचू शकतो, आणि तसं झालं तर दृष्टी जाऊ शकते, जीवही. फक्त हे सडका दात तोंडात ठेवल्यामुळे होतं. म्हणजे आज सुश्रुताचं नाव घेऊन वरचा दात न काढणारा माणूस सुश्रुताला ज्याची भीती होती तेच ओढवून घेतोय.

शरीरशास्त्र सांगायचं तर दृष्टीची नस वेगळी, दातांची वेगळी. दातांकडे जाणारी ट्रायजेमिनल नस कानासमोरून आत तीन फांद्यांत फुटते. एक कपाळ आणि डोळ्याच्या भागाकडे, दुसरी वरच्या जबड्याकडे, तिसरी खालच्या. तिन्हींचं खोड एकच असल्यामुळे वरची दाढ दुखली की डोळा दुखल्यासारखा वाटतो. भास खरा असतो, त्यावरून काढलेला अर्थ चुकतो.

आणि दात काढताना ज्या नसेला खरोखर इजा होऊ शकते, ती वरच्या जबड्यात नाहीच. ती खालच्या जबड्याच्या हाडातल्या बोगद्यातून जाते, आणि खालच्या अक्कलदाढेची मुळं कधीकधी तिला टेकलेली असतात. दाढ काढताना ती दबली किंवा ओरखडली तर ओठ आणि हनुवटी बधिर होते. ओठाला शीत चिकटलेलं कळत नाही, दाढी करताना कापलेलं कळत नाही. बहुतेकांचं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत भरून येतं, थोड्यांचं येत नाही. म्हणून आधी अख्ख्या जबड्याचा एक्स-रे काढतात, मुळं फारच जवळ असतील तर नुसता वरचा भाग कापून मुळं तिथेच ठेवायचीही पद्धत आहे. डॉक्टरला विचारायचा प्रश्न हा आहे, 'माझी नस मुळाच्या किती जवळ आहे?' आपण विचारतो, 'डोळ्याला काही होणार नाही ना?' आपली सगळी भीती वरच्या जबड्यात खर्च झालेली असते.

अशा बधिर ओठावर घरी काय करतात? शेक देतात. बधिर कातडीला गरम कळत नाही, ती भाजते. होमिओपॅथीत नसेच्या इजेवर 'हायपेरिकम' देण्याची जुनी पद्धत आहे, दात काढल्यावरही देतात. त्या बाटलीवर ३०सी लिहिलेलं असलं तर मूळ अर्क एकावर साठ शून्यं इतक्या पटीने पातळ केलेला असतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची केमिस्ट्री आठवत असेल तर त्या बाटलीत काय उरलं याचं गणित तुम्हीच करा. ओठ महिन्या-दोन महिन्यांत आपला आपण बरा होतो आणि श्रेय गोळ्यांना जातं. अडचण त्या थोड्या लोकांची आहे ज्यांचा होत नाही. नस शस्त्रक्रियेने जोडायची तर तिला काही महिन्यांचीच मुदत असते, आणि ती साबुदाण्याएवढ्या गोळ्या चघळण्यात निघून जाते.

उलट बाजूचीही फसगत आहे. दाढेत विजेचा झटका बसावा तशी कळ, तोंड धुताना, घास चावताना, वाऱ्याची झुळूक लागली तरी. क्षणभर, आणि मग काहीच नाही. हा ट्रायजेमिनल न्यूराल्जिया असू शकतो, आयुर्वेदातल्या अनंतवाताशी याची तुलना करतात. यात दात ठणठणीत असतात, बिघाड नसेचा असतो. अशी माणसं एकामागून एक दात काढून घेतात आणि कळ तशीच राहते. यावर कार्बामाझेपिन हे फिटचं औषध लागू पडतं, हे १९६२ पासून माहीत आहे. तेव्हा दुखणं म्हटलं की दातच, हेही खरं नाही. कुणीतरी जाणत्याने तोंड उघडून बघावं लागतं. रीलला ते करता येत नाही.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, लोकांना अक्कल नाही, शिकवा त्यांना. थांबा. मला त्यांच्याशीही भांडायचंय.

आमच्या घराशेजारच्या रूमवर मराठवाड्यातला एक मुलगा राहायचा. तेवीस-चोवीसचा. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग बनतात, तिथे ठेकेदाराकडून कामाला. खालची दाढ दुखायला लागली. त्याने सुपरवायझरकडे एक दिवस मागितला. "दाताला कोण सुट्टी घेतं का रे?" असं उत्तर आलं. खाडा लागला असता तर हजेरीचा बोनसही गेला असता. मग मेडिकलमधून डायक्लोफिनॅकच्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ. मग लवंग. मग शिफ्टमधल्या कुणीतरी सांगितलं म्हणून दाढेत तंबाखूची चिमूट. पाचव्या दिवशी ठणका थांबला. रूमवरच्या सगळ्यांनी निदान केलं, कीड मेली. तीन आठवड्यांनी एका रात्रीत त्याचा गळा हनुवटीखाली दगडासारखा सुजला. जीभ वर उचलली गेली, थुंकी गिळता येईना, श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला. आयसीयू, गळ्याला बाहेरून छेद देऊन पू काढला, नाकातून नळी. वाचला. गाडी विकली, गावाकडून पैसे आले, नोकरी गेली.

या दुखण्याचं वर्णन लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरने १८३६ साली केलं. तेच साल, ज्या साली स्पूनर न्यूयॉर्कमध्ये आर्सेनिकने दाताची बोलती बंद करायला शिकवत होता. खालच्या मागच्या दाढांची मुळं जबड्यात इतकी खोल उतरतात की त्यांचा पू थेट गळ्याच्या मोकळ्या जागेत येतो आणि सूज श्वासनलिका दाबते. प्रतिजैविकांच्या आधी यात निम्म्याहून अधिक माणसं मरत. सुरुवात एका भोकाने होते, जे वेळेत कोरून भरलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं.

आता सांगा, या मुलाला लवंगेने फसवलं की सुट्टीने? दोन्हींनी. गोळी, लवंग, तंबाखू आणि सुपरवायझर, सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, आवाज करू नकोस, शिफ्ट पुरी कर.

कागदावर व्यवस्था आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार ईएसआयमध्ये येतो, ठेकेदाराचा असला तरी. चिंचवडला मोहननगरला ईएसआयचं रुग्णालय आहे. पिंपरीत महापालिकेचं वायसीएम आहे, दंत महाविद्यालय आहे, आणि अशा महाविद्यालयांत खाजगी दवाखान्यापेक्षा फार कमी पैशांत काम होतं. पण ईएसआयचा आजारपणाचा भत्ता बघा. पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, वाचायला छान. मात्र आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा भत्ता मिळत नाही. दाढेला लागतो एक दिवस. म्हणजे गळा सुजून आयसीयूत पडलात तर कायदा तुमच्या बाजूने आहे, भोक भरून घ्यायला गेलात तर खाडा. त्यातही आधीच्या सहा महिन्यांच्या हिशेबात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते, आणि ठेकेदार दर काही महिन्यांनी ब्रेक देतो.

आम्ही हिंजवडीवाले फार वेगळे आहोत असंही नाही. माझ्या कंपनीच्या आरोग्य विम्यात दातांवरचा उपचार वगळलेला आहे, अपघातात दात पडला तरच पैसे. बहुतेक विम्यांत हेच असतं. गुडघा शरीरात धरतात, मूतखडा धरतात, दात मात्र हौसेच्या यादीत, चष्म्याच्या फ्रेमशेजारी. आमच्यात आणि त्या मुलात फरक एवढाच की आम्ही रूट कॅनालचे पैसे कार्डावर हप्त्याने भरू शकतो. तरी आमच्या फ्लोअरवरच्या निम्म्या ड्रॉवरमध्ये पेनकिलरची पाकिटं असतात.

म्हणून मला मागायचंय ते 'जनजागृती' नाही. चाकण आणि भोसरीच्या एमआयडीसीत दातासाठी पगारी अर्धा दिवस हवा. ईएसआयच्या त्या पहिल्या दोन दिवसांच्या अटीतून दंतोपचार वगळायला हवा. आरोग्य विम्यात दात काढणं आणि रूट कॅनाल धरायला हवं. कंपन्यांत दरवर्षी डोळे आणि कान तपासतात, तिथेच आरसा घेऊन तोंडात बघायला पाच मिनिटं लागतात. आणि वारीत फोडांवर मलम लावायला वैद्यकीय पथकं येतात, त्यांच्या गाडीत एक दंतवैद्यही बसवा. पालखीबरोबर तीन आठवडे चालणाऱ्या त्या साठीच्या बायकांच्या तोंडात आजवर कुणी टॉर्च मारलेली नाही. मारली तर मिश्रीचे चट्टे आधीच दिसतील, गाठ व्हायच्या आधी.

ज्यांना आजीच्या बटव्याची रील करायचीच आहे त्यांनी खुशाल करावी, शेवटच्या पाच सेकंदांत एवढं घालावं. हनुवटीखाली सूज, ताप, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, आवाज बदललाय, यातलं काहीही असलं तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जायचं. ठणका आपोआप थांबला असेल तर त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे जायचं, दुखत नसलं तरी. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर दाखवायचा. पेनकिलरची गोळी हिरडीत धरून ठेवायची नाही, ती गिळायची असते, हिरडीत धरली की कातडी जळते.

लवंगेची बाटली माझ्या घरीही आहे. फ्रिजवर, भाचीचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर. कापसाच्या बोळ्यावर एक थेंब, फक्त दाढेच्या भोकात, हिरडीला न लावता. साधारण एक रात्र निभते. आपल्याकडे दवाखाने दहाला उघडतात.